मोने यांचा चष्मा

यंदा आषाढांत माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदु काढावयाचें ठरलें, त्या वेळीं डॉक्टरांनीं मला जो प्रश्न विचारला त्याला मी मुळींच तयार नव्हतों. शस्त्रक्रियेचें भय, खर्च, नंतरची पथ्यें, घरांतील व्यवस्था या सर्वांचा विचार मीं करून ठेविला होता. डॉक्टर मात्र सहज म्हणाले, "तुम्हांला चष्म्यावांचून दूरचें दिसावयास हवें कीं जवळचें?" मी क्षणभर गप्पच बसलों. जी गोष्ट आपल्या हातची आहे हेंच सत्तर वर्षांत कधीं कळलें नव्हतें, तिची निवड उभ्या उभ्या कशी करावी? चार दिवसांची मुदत मागून मी घरीं आलों, आणि त्या चार दिवसांत मोतीबिंदूच्या इतिहासाचीं जीं पानें चाळलीं त्यांतून आजचें हें भाषण तयार झालें आहे.

माझ्या आजीला कोणीं हा प्रश्न विचारला नव्हता. १९६० च्या सुमारास तिच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदु काढले, आणि दोन महिन्यांनीं तिच्या नाकावर एक चष्मा आला. सोड्याच्या बाटलीच्या बुडाएवढी जाड त्याचीं भिंगें. त्यांच्या आडून तिचे डोळे बशीएवढे मोठे दिसत. ती पाण्याच्या तांब्याकडे हात पुढें करी, आणि हात तांब्याच्या अलीकडेच मिटे. भांड्यांत ओतलेलें दूध भांड्याच्या अलीकडे सांडे. दाराची चौकट तिला कमानीसारखी वांकलेली दिसे. आम्ही मुलें अंगणांतून चालत आलों म्हणजे ती म्हणे, "अरे, कोठून रे आलास? आतां तर कोणी नव्हतें!" आम्हांला त्याची मोठी गंमत वाटे. आजी आमच्याशीं खेळते आहे, असेंच आम्ही समजत होतों. ती खेळत नव्हती. तिला खरोखरच तसें दिसत होतें, हें मला कळावयास साठ वर्षें लागलीं.

त्याचें कारण सांगण्यासाठीं डोळ्याची थोडीशी रचना सांगितली पाहिजे. बाहेरून येणारा प्रकाश प्रथम डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर वळतो, आणि मग बुबुळामागें असलेल्या भिंगानें आणखी वळून मागच्या दृष्टिपटलावर एकत्र येतो. वळविण्याचें दोन तृतीयांश काम पुढचा पडदा करतो, उरलेलें काम तें भिंग. वयाबरोबर तें भिंग गढूळ होऊं लागतें; कधीं पिवळसर, कधीं तपकिरी, आणि कधीं मोत्यासारखें पांढुरकें. म्हणून त्याला मोतीबिंदु हें नांव. तें गढूळ भिंग काढून टाकलें म्हणजे प्रकाशाची वाट मोकळी होते हें खरें. पण प्रकाश वळविणारा एक भागच डोळ्यांतून गेलेला असतो. त्याची भरपाई डोळ्याबाहेर चष्म्यानें करावयाची, तर दहा ते बारा नंबरचें बहिर्गोल भिंग लागतें. असें भिंग प्रत्येक वस्तु चतुर्थांशानें किंवा त्याहूनहि अधिक मोठी करून दाखवितें, म्हणून ती जवळ भासते. भिंगाच्या कडेपाशीं प्रकाश इतका वांकतो कीं सभोंवार एक आंधळें कडें तयार होतें. त्या कड्यांत शिरलेला मनुष्य नाहींसा होतो, आणि तो बाहेर आला म्हणजे भुईंतून उगवल्यासारखा पुढें उभा राहतो.

म्हणजे मोतीबिंदूच्या कहाणीचे दोन भाग आहेत. गढूळ भिंग वाटेंतून दूर कसें करावें हा पहिला. आणि त्याच्या जागीं काय द्यावें हा दुसरा. पहिला भाग फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत 'लिंगनाश' या नांवाखालीं त्याचें वर्णन येतें. यवाच्या टोंकासारख्या अग्राची शलाका डोळ्याच्या बाजूनें आंत घालून दृष्टीच्या आड आलेला दोष दूर करावयाचा, आणि रोग्याला रूपें दिसूं लागलीं म्हणजे शलाका हळूहळू बाहेर काढावयाची. मला त्याहूनहि विलक्षण वाटतो तो पुढचा पथ्याचा भाग. डोळ्यांत तूप घालून वर वस्त्राचा पट्टा बांधावा. रोग्यानें उपद्रव नसलेल्या घरांत उताणें निजावें. ढेंकर, खोकला, शिंक, थुंकणें, अंग कांपविणें हें त्या वेळीं टाळावें. दर तीन दिवसांनीं डोळा काढ्यानें धुवावा. आणि दहा दिवस असा संयम पाळून हलकें अन्न बेतानें घ्यावें. शिंकेनें व खोकल्यानें डोळ्यावर ताण येतो, ही गोष्ट त्या वैद्यांनीं बारकाईनें हेरली होती. शस्त्रक्रियेनंतर मला जो छापील कागद मिळाला त्यावर तुपाची जागा औषधी थेंबांनीं घेतली होती. शिंक व खोकला मात्र आपल्या जागीं कायम होते.

या विद्येची आवड आपल्या लोकांतहि होती. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी, ज्यांचा काळ १७७७ ते १८३२, यांच्या सरस्वतीमहाल ग्रंथालयांत नेत्ररोग्यांचीं टिपणें आणि रोगी डोळ्यांचीं रंगीत चित्रें जपून ठेविलेलीं आहेत. राजाच्या दफ्तरांत रोग्यांच्या डोळ्यांची नोंद असावी, ही गोष्ट अभिमान बाळगण्याजोगी आहे. पण तें असो.

शलाकेच्या क्रियेंत भिंग डोळ्याबाहेर काढीत नसत. तें खालीं किंवा मागें ढकलून देत. रोग्याला उजेड दिसे, माणसाची आकृति दिसे, परंतु त्या आकृतीला नीट कडा नसे, आणि पुष्कळदां कांहीं दिवसांनीं डोळा चिडून तोहि उजेड जाई. फ्रान्समधील शस्त्रवैद्य झाक दाव्हिएल यांनीं १७४७ सालीं पुढच्या पडद्याला छेद देऊन भिंग बाहेर काढलें, आणि १७५३ सालीं आपली पद्धति प्रसिद्ध केली. १८८४ सालीं व्हिएन्नांतील कार्ल कोलर यांनीं कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर करून दाखविला, आणि शस्त्रक्रियेची यातना गेली. कहाणीचा पहिला भाग असा हळूहळू सुधारत गेला. दुसरा भाग मात्र होता तेथेंच राहिला. भिंगाच्या जागीं द्यावयास जगांतील कोणत्याहि वैद्यापाशीं चष्म्यावांचून दुसरें कांहीं नव्हतें.

त्या चष्म्यानें काय होतें हें ज्यांनीं सर्वांत बारकाईनें भोगलें, आणि ज्यांच्या त्या भोगाची हकीकत पत्रांतून व डॉक्टरांच्या टिपणांतून आपल्यापर्यंत आली, ते रोगी म्हणजे क्लोद मोने. मोने हें आडनांव आपल्याकडेहि आहे. परंतु हे मोने फ्रान्सचे, १८४० सालीं जन्मलेले, आणि प्रकाशाचे क्षणोक्षणीं पालटणारे रंग पकडणारे चित्रकार म्हणून जगाला ठाऊक असलेले. सेन नदीच्या परिसरांत झिव्हर्नी या गांवीं त्यांनीं बाग केली, तळें खोदविलें, त्यांत कमळें लाविलीं, आणि आयुष्याचीं अखेरचीं अनेक वर्षें तें तळेंच रंगविलें. अशा माणसाला १९१२ सालीं पॅरिसच्या डॉक्टरांनीं सांगितलें कीं, तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु होत आहे.

मोने यांनीं शस्त्रक्रियेस नकार दिला, आणि तो नकार दहा वर्षें टिकविला. हा हट्ट वेडेपणाचा होता असें मला वाटत नाहीं. त्यांच्या ओळखीच्या चित्रकर्त्री मेरी कॅसट यांच्या डोळ्यांवर पुढें अनेक शस्त्रक्रिया झाल्या आणि दृष्टि परत आली नाहीं. तें उदाहरण त्यांच्या डोळ्यांपुढें होतें. ज्याचा डोळा हाच चरितार्थ, त्यानें अशा वेळीं हात आंखडता घ्यावा हें स्वाभाविक आहे. मधल्या काळांत त्यांनीं निरनिराळ्या युक्त्या केल्या. ऊन डोळ्यांवर येऊं नये म्हणून रुंद कांठाची गवती टोपी घातली. रंगाच्या नळ्यांवरील चिठ्ठ्या वाचून रंग ओळखला, आणि रंगफळीवर प्रत्येक रंगाची जागा ठरवून ठेविली, म्हणजे न दिसणारा निळा रंग निदान जागेवरून सांपडावा. पिवळें पडलेलें भिंग निळा व जांभळा प्रकाश गाळून टाकतें. म्हणून त्या काळच्या त्यांच्या कांहीं चित्रांत तांबडा, तपकिरी आणि पिवळा रंग दाटून आलेला आहे. हें त्यांचें मन होतें कीं त्यांचें भिंग होतें, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालतो.

१९२२ सालच्या सप्टेंबरांत ते पॅरिसच्या डॉ. शार्ल कुतेला यांच्याकडे गेले. उजव्या डोळ्याला उजेडापलीकडे कांहीं दिसत नव्हतें. डाव्याला सरासरी दहावा हिस्सा दृष्टि उरली होती. याच वर्षीं त्यांनीं कमळांचीं प्रचंड चित्रें फ्रेंच राष्ट्राला देण्याचा करार केला होता, आणि तीं चित्रें पुरीं झालेलीं नव्हतीं. त्यांचे स्नेही जॉर्ज क्लेमांसो, महायुद्धाच्या वेळचे फ्रान्सचे पंतप्रधान आणि शिक्षणानें स्वतः डॉक्टर, शस्त्रक्रियेसाठीं त्यांच्यामागें लागले होते. अखेर १९२३ च्या जानेवारींत, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीं, दोन टप्प्यांनीं उजव्या डोळ्याचा मोतीबिंदु काढण्यांत आला.

आतां त्यांची विश्रांति पाहा. त्या काळीं छेद घट्ट शिवून टाकण्याची रीत रुळलेली नव्हती; तो आपोआप जुळावा म्हणून रोग्यानें निश्चल पडून राहावयाचें असे. मोने यांना उशीवांचून उताणें निजविलें, डोकें हालूं नये म्हणून दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या ठेविल्या, आणि दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. सुश्रुतानें सांगितलेलें उताणें निजणें दोन हजार वर्षांनींहि तसेंच होतें, फक्त वर वाळूच्या पिशव्या आल्या होत्या. ज्या मनुष्यानें सगळें आयुष्य उघड्या हवेंत उभें राहून घालविलें, त्याला हें सोसवेना. ते संतापले, उठूं लागले, पट्ट्या ओढून काढूं पाहूं लागले. ब्लॉंश, जी त्यांची सावत्र मुलगीहि होती आणि सूनहि, तिनें त्या दिवसांत व पुढेंहि त्यांची शुश्रूषा केली. शस्त्रक्रियेचें यश डॉक्टरांच्या नांवावर लिहिलें जातें. रात्रीं उशाशीं बसून "हात काढा डोळ्यावरून" असें पंचवीसदां सांगणाऱ्या माणसाचें नांव कोठें लिहीत नाहींत.

त्याच वर्षीं जुलैंत तिसरी शस्त्रक्रिया करावी लागली, कारण भिंग काढतांना मागें ठेविलेला त्याचा पातळ पापुद्रा गढूळ झाला होता. हा प्रकार आजहि पुष्कळांना होतो. वर्ष दोन वर्षांनीं नजर पुन्हां धूसर होते, आणि "मोतीबिंदु परत आला" म्हणून घरांत रडारड सुरू होते. मोतीबिंदु परत येत नाहीं. तो पापुद्रा आहे, आणि १९८० नंतरच्या दशकांत रुळलेल्या लेसर-किरणांनीं दवाखान्यांतल्या खुर्चीवर बसल्या बसल्या कांहीं मिनिटांत त्याला भोंक पाडतां येतें. मोने यांना त्यासाठीं पुन्हां शस्त्राखालीं जावें लागलें.

मग चष्मा आला. कुतेला यांच्या मोजणीप्रमाणें जवळची नजर उत्तम परत आली होती. त्यांच्या दृष्टीनें काम फत्ते होतें. मोने यांचे मत वेगळें होतें. वस्तु फुगलेल्या आणि वांकलेल्या दिसतात, जमीन पायांखालून सरकते, रंग खोटे दिसतात, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. शस्त्रक्रिया करून घेतली नसती तर बरें झालें असतें, अशा अर्थाचेंहि त्यांनीं डॉक्टरांना लिहिलें. प्रथम सगळें जग पिवळें दिसत होतें, पुढें तें निळें दिसूं लागलें. निळ्याचें कारण असें कीं, आपलें स्वाभाविक भिंग जांभळ्याच्या पलीकडील किरण अडवून धरतें. तें गेलें म्हणजे अनेक वर्षें न पाहिलेला निळा रंग एकदम पुरासारखा आंत येतो. त्यांत डावा डोळा तसाच मोतीबिंदूचा. एका डोळ्यानें जग मोठें, निळें आणि स्वच्छ. दुसऱ्यानें लहान, पिवळें आणि धुरकट. अशीं दोन चित्रें मेंदूला जोडतां येत नाहींत. त्या काळच्या झिव्हर्नीच्या घराच्या चित्रांत कांहीं तांबूस-पिवळीं आहेत, कांहीं निळसर आहेत. तीं दोन डोळ्यांचीं असावींत असें कित्येकांना वाटतें.

डावा डोळा करून घ्यावा असा सल्ला डॉक्टरांनीं दिला. मोने यांनीं तो कधींच मानला नाहीं. १९२४ सालीं डॉ. झाक मावास यांनीं त्यांना रंगीत कांचांचे चष्मे दिले, जेणेंकरून तो निळा पूर थोडा ओसरावा. अखेर तोडगा निघाला तो अगदीं साधा होता. चष्म्याची डावी कांच अपारदर्शक करून तो डोळा झांकून टाकला, आणि एकाच उजव्या डोळ्यानें पाहावयाचें ठरलें. असा एक चष्मा पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयांत ठेविलेला आहे. उजवी कांच जाड व पिवळसर, डावी आंधळी. १९२५ च्या उन्हाळ्यांत मोने यांची दृष्टि त्यांना एकदांची मानवली, आणि शस्त्रक्रियेनंतर अडीच वर्षांनीं ते उत्साहानें कामाला लागले. डिसेंबर १९२६ मध्यें त्यांचें देहावसान झालें; १९२७ च्या मे महिन्यांत पॅरिसच्या ऑरांझरींत, दोन लंबवर्तुळाकार दालनांत, त्यांचीं कमळें लोकांना खुलीं झालीं. त्या भिंतींपुढें उभे राहणाऱ्यांपैकीं फार थोड्यांना ठाऊक असेल कीं, त्यांवरून अखेरचा हात एका झांकलेल्या व एका चष्मा लाविलेल्या डोळ्यानें फिरला होता.

मोने यांच्या मरणानंतर तेवीस वर्षांनीं कहाणीचा दुसरा भाग पालटला, आणि त्याला निमित्त झालें युद्ध. १९४० च्या ऑगस्टांत इंग्लंडच्या आकाशांत गॉर्डन क्लीव्हर नांवाच्या वैमानिकाच्या विमानाचें छप्पर गोळ्यांनीं फुटून त्याचे कण त्याच्या डोळ्यांत शिरले. तें छप्पर कांचेचें नव्हतें, पर्स्पेक्स नांवाच्या पारदर्शक प्लॅस्टिकचें होतें. लंडनचे नेत्रवैद्य हॅरल्ड रिड्ले यांनीं अशा वैमानिकांना तपासतांना एक गोष्ट पाहिली: परकी वस्तु डोळ्यांत गेली कीं डोळा पेटून उठतो, परंतु हे कण वर्षानुवर्षें आंत शांत पडून राहतात. पुढें मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एका विद्यार्थ्यानें त्यांना विचारलें कीं, काढलेल्या भिंगाच्या जागीं दुसरें भिंग कां बसवीत नाहीं? प्रश्न पोरकट होता. असे प्रश्न विद्यार्थ्यांनींच विचारावे; शहाण्यांना ते सुचत नाहींत.

२९ नोव्हेंबर १९४९ रोजीं सेंट टॉमस रुग्णालयांत रिड्ले यांनीं पंचेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीच्या डोळ्यांत पर्स्पेक्सचें भिंग बसवून पाहिलें, आणि ८ फेब्रुवारी १९५० रोजीं तें कायमचें बसविलें. भिंग डोळ्यांत राहिलें. मात्र बाईंना दूरचें कांहीं दिसेना. त्यांना वजा अठरा नंबरचा चष्मा लागला! रिड्ले यांनीं भिंगाचा आकार माणसाच्या भिंगासारखा घेतला होता, पण पर्स्पेक्स प्रकाशाला माणसाच्या भिंगाहून पुष्कळ अधिक वळवितें. माझ्या डॉक्टरांनीं मला विचारलेल्या प्रश्नाचा जन्म मला या चुकींत दिसतो. भिंग डोळ्याच्या आंत जातें म्हटल्यावर तें किती शक्तीचें असावें, हें कोणींतरी आधीं ठरविलेंच पाहिजे.

१९५१ सालीं ऑक्सफर्डच्या परिषदेंत रिड्ले यांनीं आपले रोगी पुढें आणले, तेव्हां त्या काळचे इंग्लंडांतील सर्वांत प्रतिष्ठित नेत्रवैद्य सर स्ट्युअर्ट ड्यूक-एल्डर यांनीं त्यांना तपासण्यासहि नकार दिला. डोळ्यांतून वस्तु काढावयाची कीं घालावयाची, असा तो रोष होता. रिड्ले यांना मान मिळावयास सुमारें तीन तपांचा काळ लागला. १९८६ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांना सदस्य केलें, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत, त्याच सेंट टॉमस रुग्णालयांत, त्यांचीच कल्पना बसविण्यांत आली. इकडे १९६७ सालीं न्यूयॉर्कचे चार्ल्स केलमन यांनीं दंतवैद्याच्या दांत साफ करण्याच्या यंत्रावरून कल्पना घेऊन, अतिसूक्ष्म कंपनांनीं मोतीबिंदु फोडून शोषून घेण्याची रीत काढली. पुढें घडी घालतां येणारीं भिंगें आलीं, आणि अडीच तीन मिलिमीटरच्या छेदांतून सर्व काम होऊं लागलें. वाळूच्या पिशव्या तेव्हां खऱ्या अर्थानें गेल्या. आपल्या देशांत मदुराईच्या ऑरोलॅबनें १९९२ पासून भिंगें तयार करावयास आरंभ केला आणि त्यांची किंमत झपाट्यानें उतरली. नाहींतर शिबिरांतल्या रोग्याला सरसकट दहा नंबरचा जाड चष्माच मिळत राहता. आजीचा चष्मा त्याच जातीचा होता.

आतां भिंगाची शक्ति मोजून ठरवितात. पुढच्या पडद्याचा बांक आणि डोळ्याची लांबी हीं दोन मापें मुख्य. लांबींत एका मिलिमीटरची चूक झाली तर सुमारें अडीच ते तीन नंबरांचा फरक पडतो. पूर्वीं हें माप ध्वनिलहरींनीं घेत, १९९९ च्या सुमारापासून प्रकाशकिरणांनीं घेऊं लागले. गणित बहुधा बरोबर येतें. पण कोणत्या अंतरावर बरोबर यावयास हवें, हें गणित सांगत नाहीं.

आमच्या घरांत यावर दोन पक्ष पडले. घरांतून सूचना अशी आली कीं, दूरचें घ्यावें; रस्ता ओलांडतांना मोटारी दिसाव्या, देवळांत मूर्ति दिसावी, आणि चष्मा शोधण्यांत सकाळ जाऊं नये. चिरंजीवांचें म्हणणें पडलें कीं, दोन्ही अंतरांचीं अनेक-केंद्री भिंगें मिळतात, तीं घ्यावींत. पैशाचा विचार करूं नये. डॉक्टरांना मीं विचारलें. त्यांनीं प्रामाणिकपणें सांगितलें कीं, तें भिंग एकच प्रकाश वांटून घेतें. त्यामुळें कांहींना रात्रीं दिव्यांभोंवतीं वलयें दिसतात आणि अंधुक उजेडांत अक्षर फिकें पडतें. एक डोळा दूरचा व एक जवळचा करण्याचीहि रीत आहे. ज्यांच्या मेंदूला ती मानवते त्यांना फार मानवते. पुढच्या पडद्याचा बांक वांकडा असेल तर तो दुरुस्त करणारें भिंगहि निराळें मिळतें. आणि डोळ्याच्या मागच्या पडद्याला इजा असेल, मधुमेहानें किंवा वयानें, तर महागांतलें महाग भिंग घेऊनहि ती दुरुस्त होत नाहीं. हें आधीं तपासून घ्यावें.

माझी गोष्ट अशी कीं, मी लहानपणापासून वजा पांच नंबरचा. चष्मा काढून पुस्तक नाकाशीं धरावयाचें, हें माझें साठ वर्षांचें सुख. दूरचें भिंग घेतलें असतें तर तें सुख एका सकाळीं नाहींसें झालें असतें, आणि साध्या औषधाच्या चिठ्ठीसाठींहि चष्मा शोधावा लागला असता. मीं जवळचें मागितलें, हातभर अंतरावर पुस्तक स्पष्ट दिसेल असें. रस्त्यासाठीं चष्मा लावतों, तो मीं जन्मभर लावलाच आहे. घरांतून हा निर्णय अजून पसंत झालेला नाहीं. पण ज्यानें आयुष्य गाडी हांकण्यांत घालविलें त्यानें दूरचें मागावें, हेंहि मला तितकेंच कबूल आहे. मोने यांना विचारलें असतें तर त्यांनीं तळ्याचें अंतर मागितलें असतें कीं रंगफळीचें, याचा विचार मी पुष्कळ वेळ करीत बसलों होतों.

शस्त्रक्रिया पंधरा वीस मिनिटांत झाली आणि संध्याकाळीं मी घरीं होतों. मोने यांच्या मानानें माझे हाल कांहींच नव्हेत. तरी पहिल्या आठवड्यांत मी कुरकुरलों. डोळ्यांत कचरा गेल्यासारखें खुपे. उजेड टोंचे. घड्याळाच्या ठोक्याला थेंब घालावे लागत, आणि ते हळूहळू कमी करीत महिना सवा महिना चालू ठेवावयाचे होते. रात्रीं डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी बांधून निजावयाचें, डोळा चोळावयाचा नाहीं, डोक्यावरून पाणी घ्यावयाचें नाहीं, जड उचलावयाचें नाहीं. यांतलें न चोळणें सर्वांत कठीण. झोंपेंत हात आपोआप जातो, म्हणून ती वाटी. तिसऱ्या दिवशींच नवा चष्मा करून आणावा असा शेजाऱ्यांचा आग्रह होता. डोळा स्थिरावल्यावांचून घेतलेला नंबर पालटतो, म्हणून चार ते सहा आठवडे थांबावें लागतें. तोंपर्यंत दोन डोळ्यांचें जुळत नाहीं, पायरी चुकते, डोकें दुखतें. मींहि जिन्याचा कठडा धरूनच वावरलों. घरच्या माणसांनीं एवढें मात्र ध्यानांत ठेवावें: दुखणें कमी होण्याऐवजीं वाढूं लागलें, डोळा अधिक लाल झाला, आलेली नजर पुन्हां उतरूं लागली, किंवा विजा चमकल्यासारखें होऊन काळे ठिपके वा पडदा दिसूं लागला, तर "उद्यां बघूं" म्हणूं नये. त्याच दिवशीं, रात्र असली तरी, डॉक्टर गांठावा. आणि मोतीबिंदु 'पिकेपर्यंत' थांबावें हा जुना समज आतां सोडावा; फार पिकलेला मोतीबिंदु काढावयास अधिक अवघड असतो.

पट्टी सुटली त्या सकाळीं मीं आमच्या पुढच्या खोलीची भिंत पाहिली. ती पिवळसर रंगाची आहे, असें मी दहा वर्षें समजत होतों, आणि रंगाऱ्यानें फसविलें म्हणून त्याला दोषहि देत होतों. ती पांढरी निघाली, निळीची झांक असलेली पांढरी. उजवा डोळा मिटून डाव्यानें पाहिलें तर ती पुन्हां जुन्या कागदासारखी पिवळी. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया कार्तिकांत ठरली आहे. तोंवर सकाळचा चहा होईपर्यंत मी खुर्चींत बसून एकदां हा डोळा मिटतों, एकदां तो मिटतों, आणि त्या भिंतीकडे पाहत राहतों.